एका वायरीची बखर

इतिहास म्हटला की आपल्याला घोडे लागतात. निदान एखादा वेढा, दोन तह, आणि ऐन वेळी कुणीतरी फितूर झालेला हवाच. त्याशिवाय तो इतिहास वाटत नाही, नुसतीच जंत्री वाटते. चार्जरच्या वायरीला यातले काही नाही अशी समजूत असल्यामुळे ती शाळेच्या पुस्तकात आली नाही, तिच्यावर कादंबरी झाली नाही आणि तिचा पुतळाही कुठल्या चौकात नाही. पण मी जरा जुने कागद चाळले, तेव्हा असे दिसले की या वायरीच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत तह आहेत, फितुरी आहे, सवतासुभा आहे आणि युरोपच्या दरबारातून सुटलेले फर्मानसुद्धा आहे. घोडे तेवढे नाहीत.

बखर लिहायला कारण घडले ते आमच्या मेहुण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथल्या कॉम्प्युटरला फोन लावून मी दुपारभर बसलो, तर चार तासांत बॅटरी जेमतेम तीस टक्के वर सरकली. तोच फोन घरच्या चार्जरला लावला की अंघोळ आणि चहा उरकेपर्यंत तेवढे काम होते. मेहुण्याचे म्हणणे, "भाऊजी, दुकानाची वीज कमर्शियल आहे, ती फुकट्याला हळूच मिळणार." आमच्या हेडकॅशियरांचे मत पडले की वायर गुंडाळून ठेवली की वीज वळणावर अडकते. सौभाग्यवतींनी फोनच बदलायला झालाय असा निकाल दिला, आणि तो कशासाठी दिला हे मला ठाऊक असल्याने मी गप्प राहिलो. तिघांचेही चुकले होते. मात्र बरोबर उत्तर द्यायचे तर १९९६ सालापर्यंत मागे जावे लागते.

पण त्याआधी एक गुणाकार. घाबरू नका, मी बी.कॉम. आहे, मला जमला म्हणजे कुणालाही जमेल. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपिअर म्हणजे धार. गच्चीवरची टाकी किती उंच आहे तो दाब, आणि नळाला करंगळीएवढे पाणी येते की मनगटाएवढे ती धार. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट, आणि फोन किती लवकर भरायचा हे या वॅटवर ठरते. हल्लीच्या फोनमधली पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे एकोणीस वॅट-तासांचे भांडे. त्यात अडीच वॅटने ओतू लागलात तर नुसत्या हिशेबाने पावणेआठ तास. अठरा वॅटने ओतलेत तर तास-सव्वा तास. प्रत्यक्षात थोडी सांडलवंड होते आणि फोन स्वतःही मध्येमध्ये घोट घेत असतो, त्यामुळे आणखी वेळ लागतो. आता अडीच वॅट ही कंजूष रक्कम ठरवली कुणी? तिथून बखर सुरू.

१९९६ च्या जानेवारीत यूएसबीची पहिली नियमावली निघाली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डिजिटल, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्यांनी मिळून हा तह केला. त्यापूर्वी कॉम्प्युटरच्या पाठीमागे कीबोर्डला एक भोक, माऊसला दुसरे, प्रिंटरला तिसरे लांबुळके, आणि प्रत्येकाची वायर वेगळी असे जंगल होते. ते साफ करणाऱ्यांत इंटेलचे अजय भट्ट प्रमुख. हे गृहस्थ बडोद्याचे. सयाजीराव महाराजांच्या नावाच्या विद्यापीठातून इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेलेले. बडोदे म्हटल्यावर मराठी माणसाला जरासे आपले वाटतेच, म्हणून मुद्दाम सांगितले. घरातला प्रिंटर जोडण्याची कटकट पाहून आपल्याला या कामाची गरज पटली, असे त्यांनी सांगितले आहे. यूएसबी पहिल्या खेपेला कधीच बसत नाही, उलटी करून पाहावी लागते, ही तक्रारही त्यांच्या कानावर गेलेली आहे. दोन्ही बाजूंनी बसणारी करायची तर तारा दुप्पट आणि खर्चही दुप्पट, म्हणून ते टाळले, असा त्यांचा खुलासा आहे. तेव्हा खर्चाला कात्री लावली आणि पुढे सगळे जग वीस वर्षे ती पिन उलटीसुलटी करत बसले. पुढे २००९ मध्ये इंटेलने भट्टांना एखाद्या नटासारखे दाखवणारी टीव्हीवरची जाहिरात काढली. तिच्यात भट्टांचे काम दुसऱ्याच नटाने केले. शोध लावावा एकाने आणि फोटो यावा दुसऱ्याचा, हा अनुभव बँकेत काम करणाऱ्यांना नवीन नाही.

या वायरीच्या पोटात चार तारा. लाल आणि काळी वीज नेणाऱ्या, हिरवी आणि पांढरी निरोप नेणाऱ्या. वायरीचे मुख्य काम निरोप्याचे. वीज दिली ती वाटखर्चाला म्हणून, माऊस-कीबोर्डसारख्या गरीब पाहुण्यांच्या चहापाण्यापुरती. दाब ठरला पाच व्होल्ट. धारेचा नियम मात्र असा की तो वाचताना मला आमच्याच बँकेचे परिपत्रक हातात आल्याचा भास झाला. अनोळखी यंत्र जोडले गेले तर त्याला शंभर मिलिअँपिअर. मग त्याने निरोपाच्या तारांवरून आपले नाव-गाव सांगायचे, मी अमुक, मला इतकी वीज लागेल, असा अर्ज करायचा, आणि कॉम्प्युटरने तो मंजूर केला की जास्तीत जास्त पाचशे. म्हणजे आधी ओळखपत्र, मग मर्यादा, आणि मर्यादेच्या वर साहेबांचीसुद्धा सही चालत नाही. पाच व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर बरोबर अडीच वॅट. मेहुण्याच्या दुकानात माझा फोन दुपारभर याच मंजुरीवर जगत होता. कॉम्प्युटर कंजूष नव्हता, नियमाने वागत होता. २००८ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली, निळ्या जिभेची, तेव्हा ही मर्यादा नऊशेवर गेली. महागाई भत्ता वाढावा तशी.

या वायरीने फोन भरायचा, ही कल्पना तहात कुठेच नव्हती. फोनवाल्यांचे राज्यच वेगळे. ज्यांचे वय आज चाळिशीपुढे आहे त्यांना "जाड पिन आहे का बारीक पिन?" हा प्रश्न आठवत असेल. लग्नाच्या हॉलमध्ये एखादा मामा हातात मेलेला फोन घेऊन पंगतीपंगतीतून हा प्रश्न विचारत फिरे. एका नोकियातच दोन पिना, जाड आणि बारीक. सॅमसंगची निराळी, सोनी एरिक्सनची चपटी. युरोपातल्या सरकारी माणसांनी मोजदाद केली तेव्हा तीसहून अधिक प्रकारचे चार्जर निघाले. मोटोरोलाच्या रेझरने २००४ मध्ये चार्जिंगला यूएसबीची धाकटी पिन घेतली, २००६ च्या अखेरीस चीनने चार्जरला यूएसबीचे भोक असावे असा नियम केला, आणि निरोप्याच्या डोक्यावर हमालीचे ओझे आले.

आता गंमत पाहा. भिंतीतल्या चार्जरला मेंदू नाही. तो फोनचे नाव-गाव विचारणार कसा आणि अर्ज मंजूर करणार कसा? फोनलाही पेच, की समोर कॉम्प्युटर आहे की भिंत? कॉम्प्युटर असेल तर पाचशेच्या वर ओढणे म्हणजे शिस्तभंग. यावर तोड निघाली ती इतकी साधी की शिपायालाही सुचावी. चार्जरमध्ये हिरवी आणि पांढरी तार एकमेकींना जोडून टाकायच्या. फोन एका तारेवर खडा टाकून पाहतो, तो दुसरीवर वाजला की समजायचे, पलीकडे नुसती भिंत आहे, ओढा खुशाल. २००७ साली हे कलम चार्जिंगच्या वेगळ्या नियमावलीत आले आणि २०१० च्या शेवटी आलेल्या सुधारित नियमावलीनुसार अशा चार्जरवर फोनला दीड अँपिअरपर्यंत ओढायची मुभा मिळाली. म्हणजे साडेसात वॅट, कॉम्प्युटरच्या तिप्पट.

पण सगळ्यांनी एकच खूण मानली तर तो इतिहास कसला! ॲपलने आपली सांकेतिक सही वेगळी ठेवली. त्यांच्या चार्जरमध्ये निरोपाच्या दोन तारांवर ठरावीक व्होल्ट ठेवलेले असत, आणि ते आकडे पाहूनच फोन ठरवी की हा आपल्या घरातला. परक्या चार्जरवर हीच वस्तू हात आखडून बसे. २०१० मध्ये त्यांचा आयपॅड आला तेव्हा त्याला दहा वॅटचा घास हवा होता. साध्या कॉम्प्युटरला लावला की तो पाटीवर लिही, चार्ज होत नाही. वायर नीट, वीज आहे, भोकही बरोबर, पण नमुना सही जुळत नाही म्हणून चेक परत! काउंटरवर याच कारणावरून माझ्याशी भांडणाऱ्या मंडळींनी हा प्रसंग जरूर लक्षात घ्यावा.

इथपर्यंतचे सगळे झाले दोन टोकांच्या संभाषणाचे. मधल्या वायरीचे काय? त्यासाठी आणखी मागे, १८२७ सालात. जर्मनीत गेओर्ग ओम नावाचे एक शाळामास्तर होते, कुलूप-किल्ल्या करणाऱ्याचे चिरंजीव. त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तारा घेऊन मोजमापे केली आणि नियम मांडला की तार जितकी लांब आणि बारीक तितकी ती विजेला अडवणार, आणि धार जितकी मोठी तितका दाब वाटेतच जिरणार. पुस्तकाचे स्वागत अगदी थंड झाले. मास्तरांनी नोकरीही सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले ते १८४१ मध्ये, चौदा वर्षांनी. आमच्या हेडकॅशियरांनी फुटपाथवर पन्नास रुपयांत घेतलेल्या वायरीवर ओम मास्तरांचे नाव नव्हते, पण नियम त्यांचाच चालू होता.

तारेची जाडी गेजने मोजतात आणि इथे आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. गिरणगावातल्या माणसाला हे नवल नाही, चाळीस नंबरी सूत वीस नंबरीपेक्षा बारीकच असते. स्वस्त वायरीत बहुधा अठ्ठावीस नंबरी तार. एक मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर तांबे. त्यातून दोन अँपिअर पाठवले की सुमारे पाऊण-पावणेनऊ दशांश, म्हणजे ०.८५ व्होल्ट वाटेतच गळतो. पाच निघाले, सव्वाचारही पोचले नाहीत. फोन हुशार असतो, दाब ढासळतोय हे पाहून तो आपणच धार कमी करतो, आणि आपण म्हणतो चार्जर बिघडला. चोवीस नंबरी तार घेतली तर गळती ०.३४ व्होल्टवर येते. दोन मीटरची लांबलचक वायर घेतली, पलंगावर पडल्यापडल्या फोन बघता यावा म्हणून, तर पुन्हा दुप्पट. वायर सरळ आहे की गुंडाळलेली याचा यात काडीचा संबंध नाही, हे हेडकॅशियरांना मी दोनदा सांगितले. ते अजून वायर ताणून ठेवतात.

मग धार न वाढवता वॅट वाढवायचे तर मार्ग एकच, दाब वाढवायचा. आपल्याकडे हे १९१५ सालीच करून दाखवलेले आहे. टाटांनी खोपोलीला घाटाच्या पाण्यावर वीज केली आणि ती मुंबईच्या गिरण्यांपर्यंत नेली ती अतिउच्च दाबाने. दाब चढवला की तेवढ्याच कामाला धार कमी लागते आणि तारेत नुकसान कमी होते. फोनवाल्यांना हे शहाणपण सुचायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. क्वालकॉमच्या क्विक चार्जची दुसरी आवृत्ती २०१४ च्या सुमाराला फोनमध्ये आली, तीत फोन त्याच हिरव्या-पांढऱ्या तारांवरून खूण करून चार्जरकडे पाचाऐवजी नऊ किंवा बारा व्होल्ट मागू लागला. हिशेब करून पाहा. अठरा वॅट पाच व्होल्टने पाठवायचे तर साडेतीन अँपिअरवर धार, आणि हेडकॅशियरांच्या वायरीत दीड व्होल्टची, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची गळती. नऊ व्होल्टने पाठवले तर दोनच अँपिअर, आणि गळती दहाव्या हिश्श्याच्या आत.

त्याच वर्षी ओप्पोने बरोबर उलटा रस्ता धरला. दाब पाचाच्या आसपासच ठेवायचा, धार चारच्या वर न्यायची, त्यासाठी वायर जाडजूड आणि आपलीच, चार्जरही आपलाच. म्हणजे सवतासुभा! दोन्ही रस्ते बरोबर, पण एकाची वायर दुसऱ्याच्या चार्जरला लावली की दोघेही जुन्या पाच व्होल्टच्या वहिवाटीवर येतात. घरात दोन कंपन्यांचे फोन असले की सासू-सुनेच्या डब्यांसारख्या दोन वेगळ्या वायरी ठेवाव्या लागतात त्या यामुळे. डब्यावर 'फास्ट' लिहिलेले असते ते खोटे नसते. ते कुणाच्या संगतीत फास्ट, एवढेच लिहायचे राहिलेले असते.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये टाइप-सी आली. भट्टांनी खर्चापायी टाळलेली गोष्ट अखेर झाली, पिन कशीही घाला, बसते. पण खरी सुधारणा आतली. जोडल्याबरोबर वीज देणेच बंद. आधी एका खास तारेवरून कोण आहे ते कळले पाहिजे, मग वीज. आणि मोठी रक्कम हवी असेल तर पॉवर डिलिव्हरी नावाची रीतसर बोलणी. चार्जर दरपत्रक वाचून दाखवतो, माझ्याकडे पाच व्होल्ट, नऊ, पंधरा, वीस, प्रत्येकी इतके अँपिअर. फोन त्यातला एक पसंत करून मागणी नोंदवतो. चार्जर होकार देतो, दाब चढवतो, तयार झालो म्हणतो, आणि मगच फोन नव्या दाबाने ओढू लागतो. तीन अँपिअरच्या वर जायचे असेल तर मधल्या वायरीचीही साक्ष काढतात. तिच्या पिनेत एक बारीकशी चिप असते, ती सांगते मी पाच सोसेन. चिप नसेल तर तीनवर थांबा. म्हणजे कागदावर तीन सह्या लागतात, चार्जरची, वायरीची आणि फोनची, आणि तिघांत जो सर्वांत कमी आकडा लिहील तोच पास होतो. शंभर वॅटचा चार्जर आणून पंचवीस वॅटच्या फोनला लावला तर फोन पंचवीसच घेतो. फुटतबिटत नाही. पैसे मात्र पंचाहत्तर वॅटचे जादा गेलेले असतात.

आता ज्या साक्षीदारावर भिस्त, तोच फितूर झाला तर? ही कथा २०१५-१६ ची. बेन्सन लेउंग नावाचे गूगलचे एक इंजिनिअर बाजारातल्या टाइप-सी वायरी स्वतः विकत घेऊन तपासू लागले. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी आणि दुसऱ्याला टाइप-सी अशा वायरीत छप्पन्न हजार ओमचा एक दाणा बसवायचा नियम आहे. त्याचा अर्थ, पलीकडे जुन्या वळणाचे भोक आहे, जपून घ्या. कित्येक वायरींत निघाला दहा हजारांचा. त्याचा अर्थ, तीन अँपिअर बिनदिक्कत ओढा. चार पैशांचा दाणा, पण खोटी साक्ष देणारा. फोन विश्वासाने ओढणार आणि मागचे बिचारे भोक तापणार. २०१६ च्या फेब्रुवारीत तर अशा एका वायरीने लेउंग यांचा लॅपटॉपच बाद केला. तीत दाणा चुकीचा होताच, वर तारासुद्धा उलट्या जोडलेल्या. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने नियमात न बसणाऱ्या टाइप-सी वायरी विकायला बंदी केली. एका माणसाने स्वखर्चाने केलेले हे ऑडिट मला भट्टांच्या शोधाइतकेच मोठे वाटते. ऑडिटर म्हटले की आमच्या शाखेत चहात साखर जास्त पडते, पण हे कौतुक तसले नव्हे.

फर्मानाचे एवढेच सांगायचे, की २००९ मध्ये युरोपने कंपन्यांकडून मायक्रो-यूएसबीचा राजीखुशीचा करार करून घेतला होता, त्यातून ॲपलने जोडपिनेची पळवाट काढली. २०२२ मध्ये राजीखुशी संपली आणि कायदा झाला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकायच्या फोनला टाइप-सी सक्तीची, आणि जलद चार्जिंग असेल तर पॉवर डिलिव्हरीही पाळायची. त्याआधीच, २०२३ च्या सप्टेंबरात, आयफोन मुकाट्याने टाइप-सीवर आला. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीचे मानक काढले आहे. दरम्यान २०२० पासून डब्यातून चार्जर काढून घ्यायची टूम निघाली, त्यामुळे पूर्वी फोनबरोबर आपसूक येणारी सून आता आपल्यालाच पाहून आणावी लागते. पाहताना वॅट पाहावे, पॉवर डिलिव्हरी आहे का ते विचारावे, आणि वायरीवर साठ किंवा दोनशे चाळीस असा वॅटचा शिक्का आहे का तेही बघावे. २०२१ पासून तसा शिक्का मारायची पद्धत आहे.

एवढे सगळे जुळले तरी शेवटचा शब्द बॅटरीचा. लिथियमची बॅटरी सोनीने १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली, आणि तिच्या जनकांना नोबेल मिळाले ते २०१९ मध्ये. त्यातले गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. म्हणजे ओम मास्तरांची चौदा वर्षे काहीच नाहीत. या बॅटरीत लिथियमचे कण एका बाजूने निघून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. व्हीटीला लोकल रिकामी लागते तेव्हा माणसे जशी भराभर बसतात तशी पहिली साठ-सत्तर टक्के जागा भरते. ठाणे जवळ आले की मात्र एकेकाला सरकून, विनंती करून, बॅग वर ठेवून आत घ्यावे लागते. म्हणून ऐंशीच्या पुढे फोन स्वतःच धार कमी करत जातो. घाई केली तर कण आत न शिरता दारातच लोंबकळतात, धातू होऊन साचतात, आणि लोकलला लोंबकळणे जितके धोक्याचे तितकेच हेही. कडाक्याच्या थंडीत हा धोका वाढतो. उन्हाळ्यात भीती निराळी, बॅटरी तापून तिचे आयुष्य घटते. नागपूरच्या माझ्या पुतण्याने मे महिन्यात पासष्ट वॅटचा चार्जर, नवी जाड वायर आणि नवा फोन असा सगळा जामानिमा करून तो खिडकीत उन्हात लावून ठेवला. सह्या तिन्ही झालेल्या, कागद पूर्ण. दहा मिनिटांत फोनने पडद्यावर लिहून दिले, तापलो आहे, चार्जिंग थांबवले आहे. वहिनींनी तो आत आणून माठाशेजारी पंख्याखाली ठेवला, तेव्हा कुठे कामकाज पुढे सुरू झाले.